घरगुती एलपीजीचा सुरक्षित वापर (बारामती व इंदापूर परिसर)

घरगुती एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन ज्वलनशील वायूंचे, दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण होय. भारतात स्वयंपाकासाठी ते प्रामुख्याने १४.२ किलो वजनाच्या लाल सिलिंडरमधून पुरवले जाते. बोलीभाषेत सिलिंडरला 'टाकी' आणि इंधनाला नुसते 'गॅस' म्हणतात. अमेरिकेसारख्या देशांत घरगुती वापरासाठी मुख्यतः प्रोपेन वापरला जातो. आपल्याकडील टाकीत त्याच्या जोडीला ब्युटेनही असतो. सुरक्षेचे मूलभूत नियम दोन्हींना सारखेच लागू पडतात, कारण दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत चूल, देवघरातील दिवा, ऊसतोड कामगारांची कोपी आणि पालखी सोहळ्यातील राहुटी यांच्या संदर्भात या एका गुणधर्माला विशेष महत्त्व आहे. या सर्व ठिकाणी विस्तव जमिनीजवळ असतो आणि गळलेला गॅसही जमिनीजवळच साचतो.

पार्श्वभूमी

भारतात एलपीजीची विक्री १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा-शेल कंपनीने सुरू केली. पुढे १९७० च्या दशकात परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या अस्तित्वात आल्या. इंडियन ऑइलचा 'इंडेन' हा गॅस १९६५ पासून बाजारात होता. मुंबई हायच्या वायूपासून उरण येथे एलपीजी वेगळा काढला जातो आणि उरणहून चाकण व शिक्रापूरपर्यंत त्याची भूमिगत वाहिनी टाकलेली आहे.

ग्रामीण भागात गॅस बराच उशिरा पोहोचला. त्याआधी चूल, भुशाची शेगडी, वातीचा स्टोव्ह आणि पंपाचा पितळी स्टोव्ह ही साधने होती. 'स्टोव्हचा भडका उडून' हे शब्द त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत इतक्या वेळा छापले जात की, वाचणाऱ्याला ते अंगवळणी पडले होते. त्या शब्दांआड प्रत्येक वेळी अपघातच असे असेही नव्हे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या मिळू लागल्या. १० ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा मिळाली. हंगामापुरते गाव सोडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

तथापि गॅस आला म्हणून चूल गेली असे झाले नाही. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर पाणी तापवण्यासाठी, भाकरीसाठी, मोठ्या स्वयंपाकासाठी चूल आजही पेटते, आणि बऱ्याच घरांत ती गॅसच्याच खोलीत किंवा लागूनच्या पडवीत असते.

वायूचे गुणधर्म

एलपीजीला स्वतःचा रंग नाही आणि ओळखता येईल असा वासही नाही. गळती लक्षात यावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन अत्यल्प प्रमाणात मिसळतात. ज्याला आपण 'गॅसचा वास' म्हणतो तो या रसायनाचा असतो.

प्रोपेनचा वायू हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेनचा सुमारे दुप्पट जड असतो. त्यामुळे गळलेला गॅस वर जाऊन खिडकीबाहेर निघून जात नाही. तो पाण्यासारखा खाली पसरतो, ओट्याखालच्या कोपऱ्यात, मोरीत, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला साचून राहतो. याच्या उलट गोबरगॅसमधील ज्वलनशील घटक, म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका असतो. गोबरगॅस वापरलेल्या घराने 'खिडकी उघडली की गॅस जातो' असा अनुभव टाकीच्या गॅसला लावू नये. टाकीच्या गॅससाठी खिडकीपेक्षा उघडा दरवाजा आणि जमिनीलगतचा झरोका अधिक उपयोगी असतो.

हवेत एलपीजीचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच मिश्रण पेट घेते. हे प्रमाण वरवर किरकोळ वाटते, म्हणून हिशेब करून पाहणे बरे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा स्वयंपाकघरात सुमारे साडेबावीस घनमीटर हवा असते. त्याचे दोन टक्के म्हणजे साधारण अर्धा घनमीटर वायू, आणि तेवढा वायू जेमतेम एक किलो एलपीजीपासून तयार होतो. तो जर वर न पसरता जमिनीपासून एक फुटाच्या थरातच राहिला, तर शंभर ग्रॅमच्या आसपास गळती पुरेशी ठरते. भरलेल्या टाकीतील एक टक्का गॅसदेखील शंभर ग्रॅमहून अधिक भरतो.

द्रवरूप एलपीजीचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. म्हणून टाकी काठोकाठ कधीच भरत नाहीत. १४.२ किलोच्या टाकीत सुमारे ३३ लिटर पाणी मावू शकते, परंतु द्रवरूप गॅस त्यातील साधारण चार पंचमांश जागाच व्यापतो. उरलेली जागा उष्णतेने फुगणाऱ्या द्रवासाठी मोकळी ठेवलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत या भागाचा पारा चाळीस अंशांवर जातो. त्या तापमानाला टाकीच्या आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या दहापटीपर्यंत पोहोचू शकतो. तो सोसण्याइतकी टाकी मजबूत असते, पण पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात टाक्या रचून ठेवणे योग्य नव्हे. गॅस संपत आला म्हणून टाकी आडवी करणे, गरम पाण्यात ठेवणे किंवा चुलीजवळ सरकवणे हे प्रकार धोक्याचे आहेत. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर त्यासाठी बनवलेला नसतो.

जमिनीलगतचा विस्तव

गॅस कंपन्यांच्या माहितीपत्रकांत स्वयंपाकघराचे चित्र असते ते शहरी सदनिकेचे: उभ्याने स्वयंपाक, वर ओटा, ओट्यावर शेगडी, खाली टाकी. शेगडी टाकीपेक्षा उंच असावी, हा नियम त्या चित्रात आपोआप पाळला जातो. खेड्यातील परिस्थिती निराळी आहे. बसून स्वयंपाक करण्याची सवय असलेल्या घरांत शेगडी जमिनीवर किंवा वीतभर उंच पाटावर ठेवली जाते आणि शेजारी टाकी उभी असते. म्हणजे ज्या थरात गळलेला गॅस साचतो, त्याच थरात ज्योत पेटते. गुडघ्यांच्या त्रासामुळे खाली बसणे अशक्य झाले म्हणून पुष्कळ घरांत ओटा आला. सुरक्षेसाठी तो आधीच यायला हवा होता. पक्का ओटा बांधणे शक्य नसेल तर विटांवर शहाबादी फरशी ठेवून टाकीहून उंच जागा करता येते. लाकडी टेबल, प्लॅस्टिकचे आच्छादन किंवा वर्तमानपत्र यांवर मात्र शेगडी ठेवू नये.

चूल आणि गॅस एकाच खोलीत असतील, तर चुलीतील निखारा विझलेला दिसला तरी राखेखाली तो तासन्‌तास धुमसत असतो. टाकी बदलताना बाहेर पडणारा थोडासा वायू जमिनीवरून सरकत त्या निखाऱ्यापर्यंत सहज पोहोचतो. टाकी बदलण्यापूर्वी शेगडीची सर्व बटणे बंद करणे, चुलीवर पाणी शिंपडून ती पूर्ण विझवणे आणि दार उघडे ठेवणे ही तीन कामे क्रमाने करावीत.

देवघराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अनेक मराठी घरांत देव्हारा स्वयंपाकघरातच असतो, कधी ओट्याशेजारच्या कोनाड्यात, कधी जमिनीवरील पाटावर. सांजवात थोडा वेळ तेवते आणि घरचे माणूस जवळ असते. नवरात्रातील अखंड दिवा मात्र नऊ दिवस, रात्रीही, सर्वजण झोपलेले असताना जळत राहतो. समई किंवा निरांजन बाहेरच्या खोलीत नेल्याने पूजेला बाध येत नाही. निदान अखंड दिव्याच्या काळात रात्री रेग्युलेटर बंद आहे ना, हे घरातील एका ठरलेल्या माणसाने रोज पाहावे. शेगडीचे बटण बंद करणे पुरेसे नसते. बटण बंद असले तरी रेग्युलेटर चालू असल्यास नळीत गॅसचा दाब कायम राहतो आणि नळीची गळती रात्रभर सुरू राहू शकते.

जमिनीलगतचा आणखी एक विस्तव डोळ्यांना दिसत नाही: फ्रिज. त्याचे यंत्र अधूनमधून आपोआप चालू-बंद होते आणि त्या क्षणी आतील विद्युत संपर्काशी ठिणगी पडू शकते. टाकी आणि फ्रिज शेजारी-शेजारी ठेवू नयेत.

टाकी, रेग्युलेटर व नळी

टाकीच्या वरच्या कड्याला जोडलेल्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूस इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या चार अक्षरांपैकी एक अक्षर व दोन आकडे रंगवलेले असतात. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' एप्रिल ते जून, 'सी' जुलै ते सप्टेंबर आणि 'डी' ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. ही टाकीच्या पुढील दाबचाचणीची मुदत असते. लोक तिला 'एक्स्पायरी' म्हणतात, ते बरोबर नाही: मुदत उलटली म्हणून टाकी त्या दिवशी फुटत नाही आणि आतील गॅसही खराब होत नाही. मात्र मुदत उलटलेली टाकी वितरकाने देऊ नये आणि ग्राहकाने घेऊ नये. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर कोरलेले असते, त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन मिळते. ते दारात वजनकाट्यावर करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. वजनाबरोबरच टोपणावरील सील शाबूत आहे का, आणि टोपण काढल्यावर झडपेच्या आतील रबरी वायसर जागेवर आहे का, हेही टाकी आणणारा समोर असतानाच पाहावे. वायसर नसणे किंवा चिरलेला असणे हे टाकी बदलल्यानंतरच्या गळतीचे नेहमीचे कारण असते. टोपण दोरीसह टाकीलाच राहू द्यावे. गळती झाल्यास तेच टोपण झडपेवर बसवून गॅस रोखता येतो.

रेग्युलेटर टाकीतील मोठा दाब शेगडीला सोसेल इतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतका कमी करतो. तो उघडून दुरुस्त करण्याची वस्तू नव्हे. बिघडल्यास वितरकाकडून बदलून घ्यावा.

नळी हा संपूर्ण मांडणीतील सर्वांत दुबळा भाग. भारतीय मानक चिन्ह असलेली, आतून तारेची जाळी असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी वापरावी आणि ती दर पाच वर्षांनी बदलावी. उसाच्या रानात असलेल्या घरांना उंदरांचा व घुशींचा उपद्रव ठाऊकच आहे. साधी रबरी नळी ते कुरतडतात. तारेची जाळी त्यांना अडवते. नळीची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी, तिला मध्ये जोड नसावा, ती भिंतीतून किंवा ओट्याच्या बंद कपाटातून नेऊ नये, आणि स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यावर कापडी खोळ चढवू नये, कारण भेगा त्या खोळीखाली झाकल्या जातात. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी नळीच्या दोन्ही टोकांना व रेग्युलेटरच्या सांध्याला लावावे; बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात.

गळती झाल्यास

गॅसचा वास आल्यास प्रथम शेगडीची बटणे व रेग्युलेटर बंद करावा आणि पेटते दिवे, उदबत्ती, चूल विझवावी. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. मुख्य स्विच घराबाहेर असेल तरच तेथून वीज तोडावी. मोबाइलवर बोलायचे ते घराबाहेर जाऊन. रेग्युलेटर काढून झडपेवर टोपण बसवावे आणि शक्य असल्यास टाकी उभीच उचलून मोकळ्या अंगणात, विस्तवापासून व विहिरीपासून दूर न्यावी. घरात उरलेला गॅस ओल्या चादरीने किंवा हातपंख्याने, केर काढावा तसा जमिनीलगत दाराकडे लोटावा. विजेचा पंखा लावू नये. गॅसगळतीसाठी १९०६ हा देशभर चालणारा, चोवीस तासांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

वासावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. सर्दी झालेल्यांना आणि वृद्धांना तो कमी जाणवतो, आणि बराच वेळ वासात राहिल्यावर नाक सरावते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर यांसारख्या साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात मळीचा उग्र दर्प असतो. तेथे मंद गळती वेगळी ओळखणे अवघड जाऊ शकते. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याची चाचणी करणे श्रेयस्कर.

आग व भाजणे

नळीच्या किंवा रेग्युलेटरच्या तोंडाशी ज्योत पेटली असेल, तर ज्योत विझवण्याआधी गॅस थांबवणे महत्त्वाचे असते. हाताला ओले जाड कापड गुंडाळून रेग्युलेटर बंद करता येत असेल तर तो करावा. गॅस थांबला की ज्योत आपोआप जाते. गॅस थांबवता येत नसताना केवळ ज्योत विझवली, तर न जळलेला गॅस साचून पुढे मोठा स्फोट होऊ शकतो. टाकीच ज्वाळांत सापडली असेल तर घर व शेजार रिकामा करून १०१ किंवा ११२ वर कळवावे. कढईतील तेल पेटल्यास पाणी न टाकता झाकण ठेवावे आणि शेगडी बंद करावी.

पदर किंवा ओढणी पेटल्यास पळू नये. खाली लोळावे किंवा दुसऱ्याने जाड सुती चादर, घोंगडी लपेटावी. भाजलेल्या भागावर वाहते साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. हळद, शाई, दंतमंजन, तेल, बर्फ यांपैकी काहीही लावू नये आणि फोड फोडू नयेत. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे.

गॅस गिझर

गिझरचा धोका गळतीपेक्षा वेगळा आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते. बंद न्हाणीघरात गॅस जळताना तेथील प्राणवायू कमी होतो. ज्वलन अपुरे राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग शुद्ध हरपते. आत कडी लावलेली असते. थंडीत वाऱ्याचा त्रास नको म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावणे हे या अपघाताला आमंत्रण होय. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागी बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. शेगडीची ज्योत निळ्याऐवजी पिवळी होत असेल व भांडी काळी पडत असतील, तर तेही अपुऱ्या ज्वलनाचेच लक्षण समजावे.

कोप्या आणि दिंड्या

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील कारखान्यांकडे येतात. त्यांची निवाऱ्याची कोपी बांबू, ताडपत्री आणि उसाचे पाचट यांची असते. वाळलेले पाचट पेटायला क्षण पुरतो. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघण्यापूर्वी भाकरी करायची असते, चूल किंवा छोटी शेगडी कोपीच्या तोंडाशी असते आणि आत मुले झोपलेली असतात. येथे टाकीसाठी ओटा बांधा असे सांगणे निरर्थक आहे. टाकी व शेगडी कोपीबाहेर, वाऱ्याच्या उलट अंगाला, तीन बाजूंनी विटा किंवा माती रचून ठेवणे. कोप्यांमध्ये दोन-तीन पावलांचे तरी अंतर सोडणे. पाण्याचे पिंप व ओले गोणपाट जवळ असणे, एवढे जमू शकते. ते पाहण्याची जबाबदारी टोळीच्या मुकादमावर आणि जागा देणाऱ्यावरही येते.

या वस्त्यांवर, तसेच बाजारपेठेतील काही दुकानांत, घरगुती टाकीतून लहान अनधिकृत टाकीत गॅस भरून दिला जातो. त्या लहान टाक्यांची दाबचाचणी झालेली नसते, भरताना मोकळी जागा सोडली जात नाही आणि भरण्याचे काम उघड्या विस्तवाच्या शेजारीच चालते. हा प्रकार बेकायदा आहे. तेल कंपन्यांच्या ५ किलोच्या अधिकृत टाक्या ओळखपत्र दाखवून, कायमच्या पत्त्याशिवाय मिळतात. हंगामी कामगारांसाठी त्याच योग्य. गॅस सिलिंडरविषयक नियमांची अंमलबजावणी ज्या केंद्रीय यंत्रणेकडे आहे, त्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

ज्येष्ठ-आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते. शेकडो दिंड्यांबरोबर मालमोटारींतून भांडी, भट्ट्या आणि गॅसच्या टाक्या प्रवास करतात. पाऊस आला की स्वयंपाक राहुटीच्या आत सरकतो, आणि धोका तेथेच सुरू होतो, कारण चारी बाजूंनी जमिनीला खिळवलेल्या राहुटीत गॅसला बाहेर पडायला वाट नसते. टाकी कनातीबाहेर ठेवणे, स्वयंपाकाच्या राहुटीची एक बाजू जमिनीपासून वर बांधणे आणि मालमोटारीत टाक्या उभ्या, दोरीने आवळून, टोपण लावून नेणे आवश्यक आहे. त्याच मोटारीत रात्री माणसांनी झोपू नये. ज्या गावी मुक्काम पडतो तेथील गृहस्थ वारकऱ्यांना ओसरी व ओटा देतात, तेव्हा स्वयंपाकासाठी मोकळे अंगणही द्यावे.

तपासणी व विमा

जोडणीची, म्हणजे शेगडी, नळी व रेग्युलेटर यांची, दर पाच वर्षांनी वितरकाच्या तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे अपेक्षित आहे. तंत्रज्ञाचे ओळखपत्र पाहावे व नोंदीची पावती घ्यावी.

तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला असतो. त्याचा वेगळा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. अपघाताचे मूळ कारण एलपीजी हे असल्यास मृत्यू, वैद्यकीय खर्च आणि नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेचे नुकसान यांसाठी भरपाईची तरतूद त्यात आहे. अपघातानंतर वितरकाला लगेच लेखी कळवावे लागते. वितरक ती माहिती तेल कंपनीला आणि कंपनी विमा कंपनीला देते. जोडणी जुन्या पत्त्यावर असून टाकी नव्या घरी वापरली जात असेल, तर मालमत्तेच्या भरपाईत अडचण येते. म्हणून वस्तीवरून गावात किंवा गावातून बारामतीत राहायला गेलेल्या कुटुंबाने वितरकाकडे पत्ता बदलून घ्यावा.